मधल्या माणसाची बखर

आमच्या मराठवाड्यात परदेश एके काळी फार जवळ होता. १९११ मध्ये लातुरापर्यंत येऊन पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून हेलकावे खात, धूर गिळत निघालेला माणूस बार्शीच्या शिवेपाशी आला, की निजाम सरकारची हद्द संपून इंग्रजांचा इलाखा सुरू होई. करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे, खिशातील हाली सिक्क्याचे सात रुपयांस सहा या हिशेबाने कलदार करून घ्यावे लागत, आणि म्हणून पुण्यास शिकावयास गेलेला नांदेडचा विद्यार्थी किंवा मुंबईच्या गिरणीत कामास लागलेला औशाचा माणूस हा, जवळ पासपोर्ट नसला तरी, त्या काळच्या अर्थाने परदेशस्थच असे. टपालाचीही दोन राज्ये होती. निजामी तिकिटावर उर्दू, इंग्रजी आणि तेलुगू यांच्या जोडीने मराठीतही किंमत छापलेली असे. परंतु त्या मराठी अक्षरांचा अंमल संस्थानाच्या हद्दीपुरता, आणि ज्या मराठी मुलखाकडे पत्र धाडावयाचे तेथेच ती निरुपयोगी. हा चमत्कार १ एप्रिल १९५० रोजी हैदराबादचे टपालखाते भारताच्या खात्यात विलीन झाले तेव्हा संपला.

पत्र आले म्हणजे घरच्यांशी बोलणे झाले, असे मात्र तेव्हा कोणी समजत नसे. पत्र येई ते ज्या आईसाठी, तिला अक्षरओळख नसे. मग ते शाळामास्तरांकडे, पेशकाराच्या घरी किंवा खुद्द टपालवाल्याकडेच नेऊन वाचवून घ्यावे लागे, आणि वाचणाऱ्याने घसा साफ करून सुरुवात केली, की मुलाचा शब्द आईच्या कानी पडण्यापूर्वी एका तिसऱ्या माणसाच्या तोंडून गाळून येई. प्रकृतीची तक्रार असली तर दयाळू वाचक ती गिळून टाकी. पैशाची मागणी असली तर खट्याळ वाचक ती दोनदा वाची. दूर गेलेल्या माणसाने घरी स्वस्तात कसे बोलावे, या प्रश्नाचा इतिहास लिहिताना लोक दरपत्रके मांडतात, यंत्रांची नावे सांगतात. मला तो इतिहास नेहमी या तिसऱ्या माणसाचा वाटत आला आहे. ज्याला बोलण्याचे साधन परवडत नाही त्याला दुसऱ्याचे साधन उसने घ्यावे लागते, आणि साधनाबरोबर त्याचा मालकही संभाषणात येऊन बसतो.

टेलिफोन आमच्याकडे प्रथम आला तो प्रेमासाठी नव्हे, भावासाठी. लातूरच्या गंजगोलाईत, जेथे सोळा रस्ते एका वर्तुळास येऊन मिळतात, तेथील आडत दुकानांतून मुंबईचे डाळीचे आणि तेलबियांचे भाव समजून घेण्यास ट्रंक कॉल लागे. माझे थोरले मामा अशाच एका आडतीवर मुनीम होते. गादीच्या उजव्या हातास लाकडी पेटीत काळा, जड फोन असे. पेटीस कुलूप, आणि कुलपाची किल्ली शेटजींच्या जानव्यास. एक्स्चेंजला नंबर सांगून कॉल नोंदवावयाचा आणि वाट पाहावयाची. साधा कॉल लागण्यास कधी दोन तास, कधी अर्धा दिवस, आणि पावसाळ्यात तारा तुटल्या म्हणजे 'कॅन्सल करा' असे सांगण्यापुरताच एक्स्चेंजवरील बाईंचा आवाज येई. घाई असेल त्याने दुप्पट आकाराचा अर्जंट कॉल मागावा, आणि ज्याच्या घरी मर्तिक झाले असेल किंवा ज्याचा सौदा बुडत असेल त्याने आठपट आकाराचा लाइटनिंग. तीन मिनिटे हे माप. ती भरत आली, की दोघांच्या बोलण्यात ऑपरेटर शिरे व आणखी वेळ हवा का म्हणून विचारी. आणि मामांनी आम्हांस अनेकदा सांगितले आहे, की त्या प्रश्नाला 'हो' म्हणणारा माणूस त्यांनी सबंध नोकरीत दोनदाच पाहिला. दोघेही आडत्ये नव्हते. एक होता नुकताच बाप झालेला तहसीलचा कारकून, आणि दुसऱ्याचे कारण मामांनी कधी सांगितले नाही.

या काळात समुद्रापलीकडून नांदेडला फोन येणे म्हणजे वर्तमानपत्रात छापून यावे अशी गोष्ट. गंमत अशी, की परदेशाशी बोलण्याची देशातील पहिली मोठी साधने महाराष्ट्राच्याच मातीत उभी होती. १९२७ पासून विलायतेच्या तारा बिनतारी लहरींवरून खडकीच्या प्रक्षेपणकेंद्रातून जात आणि दौंडच्या केंद्रात येत. १९३३ मध्ये याच मार्गाने मुंबई आणि लंडन यांच्यात बोलण्याची सोय झाली. पुढे जुन्नर तालुक्यात, नारायणगावानजीक आर्वी येथे देशातील पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले आणि विक्रम साराभाईंचे नाव धारण करून १९७२ मध्ये ते राष्ट्रास अर्पण झाले. शिकागोचा आवाज आकाशातील उपग्रहास स्पर्श करून आर्वीच्या तबकडीत क्षणार्धात उतरे. पण तेथून किनवटपर्यंतची वाट त्या आवाजास पृथ्वीप्रदक्षिणेपेक्षा कठीण जाई. कानपूर आणि लखनौ या दोन शहरांत १९६० मध्येच ऑपरेटरवाचून परस्पर नंबर फिरवता येऊ लागला होता. मराठवाड्याच्या तालुक्यांस ते भाग्य लाभण्यास आणखी एक पिढी जावी लागली.

ती पिढी मात्र स्वस्थ बसली नाही. १९७२ च्या दुष्काळाने आमच्याकडील माणसास घर सोडून जाण्याची जी सवय लावली ती पुढे सुटली नाही. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव चढले, अरबस्तानात इमारती उभ्या राहू लागल्या, आणि नांदेडच्या इतवाऱ्यातून, देगलूर नाक्यावरून, उदगीर-कंधारहून गवंडी, सुतार, ड्रायव्हर, शिंपी मुंबईच्या एजंटांच्या दारी उभे राहू लागले. उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर ज्या मोहल्ल्यांची घड्याळे लावली जात, त्यांतील तरुणांचे चित्त त्या भोंग्यावरून उडाले. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परवानगीचा शिक्का आला, फी आली, वकील आले. माणसे जातच राहिली. हे सारे मजूर. यांच्या घरी टेलिफोन नव्हता आणि ते जेथे राहात त्या पत्र्याच्या बराकीतही नव्हता. त्यांनी एक तोडगा काढला, तो मला फार बुद्धिमान वाटतो: त्यांनी कॅसेट पाठवली.

साठ मिनिटांची एक कॅसेट. बराकीत रात्री दिवे मालवल्यावर टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन माणूस बोलत बसे, आणि सुटीवर निघालेल्या गावकऱ्याच्या पेटीत, नायलॉनच्या साड्या आणि टायगर बामच्या बाटल्या यांच्या मध्ये ठेवून ती कॅसेट रवाना करी. आमच्या शेजारच्या शिंप्याच्या घरी अशी एक कॅसेट आली तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. अंगणात सतरंजी अंथरली होती. थोरल्या मुलाने 'अस्सलामु अलैकुम अम्मी' म्हटल्याबरोबर त्याच्या आईने, म्हणजे आमच्या चाचींनी, यंत्राकडे पाहून 'व आलैकुम अस्सलाम' म्हटले, आणि पुढे प्रत्येक प्रश्नास त्या उत्तर देत राहिल्या: हो, पाऊस झाला, हो, धाकटीचे जमत आले आहे, नको रे, पैसे नको धाडू इतके. टेप उत्तराची वाट न पाहता पुढे जाई, चाची मागे राहात, आणि त्यांचा नवरा दर वेळी टेप थांबवून मागे घेई. एक तासाची ती कॅसेट संपण्यास त्या रात्री अडीच तास लागले. यात मधला माणूस म्हणजे पेटी वाहून आणणारा तो गावकरी. त्याला दुसऱ्या दिवशी जेवावयास बोलावले जाई, कारण तो केवळ पेटी घेऊन आलेला नसे, 'त्याला पाहून' आलेला असे.

याच सुमारास आमच्या लग्नपत्रिकांवर दोन अक्षरे उगवली. पत्रिकेच्या तळाशी निमंत्रकांच्या नावाखाली चार-पाच आकडी नंबर आणि पुढे कंसात 'पी. पी.' असे छापलेले असे. मूळ अर्थ पाहता ही ट्रंक कॉलमधील एक तऱ्हा: अमुक एक व्यक्ती फोनवर आली तरच कॉल जोडावा, त्यासाठी थोडा जादा आकार. परंतु लोकांनी खात्याच्या या परिभाषेस हवा तो अर्थ दिला, आणि पी. पी. म्हणजे 'पडोसका फोन' असे जे नांदेडात विनोदाने म्हटले जाई तेच वस्तुतः खरे होते. वकील, डॉक्टर, मेडिकलवाला किंवा आडत्या, ज्याच्या घरी फोन असे त्याच्या घराची पायरी अशा रीतीने गल्लीच्या मालकीची होई. सौदीहून कॉल येई. डॉक्टरांची मुलगी चप्पल न घालता धावत सुटे. पलीकडे मीटर पडतच असे. आणि पदर सावरीत, धापा टाकीत आलेली बाई रिसीव्हर उलटा धरून, डॉक्टरांच्या बैठकीत बसलेल्या चार रोग्यांसमोर, नवऱ्याशी 'बरंय, बरंय' एवढेच बोले. जे सांगावयाचे ते इतक्या लोकांसमोर सांगता येत नसे. मला वाटते, त्या काळच्या महागाईचा खरा आकडा टेलिफोनखात्याच्या बिलात कधी आलाच नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि हा सारा व्यवहार एका रात्रीत मुका झाला. नंबर लागत नव्हते, पत्रे जात नव्हती, बँकेचे ड्राफ्ट येत नव्हते. माझा एक मावसभाऊ तेथे एका गोदामावर हिशेबनीस होता. मावशीने आमच्या गल्लीतील फोनवाल्याच्या ओट्यावर अक्षरशः मुक्काम ठोकला. घंटा वाजली की ती उठून उभी राही आणि फोन त्याच्याच कोणा पाहुण्याचा निघाला की पुन्हा बसे. इराक आणि जॉर्डन यांतून वाळवंट ओलांडून अम्मानला पोहोचलेल्या भारतीयांस विमानांनी परत आणण्याची ती मोहीम दोन महिने चालली आणि सुमारे एक लाख सत्तर हजार माणसे घरी आली. विमानफेऱ्यांची संख्या ४८८ भरली. त्यांतील एका फेरीने आमचा भाऊ मुंबईस उतरला, तेथून त्याने फोन केला, आणि मावशी नेमकी त्या वेळी घरी भाकरी टाकावयास गेलेली. फोनवाल्याने निरोप घेतला, स्वतः चालत तिच्या चुलीपर्यंत गेला आणि म्हणाला, "आलाय. जेवून घ्या आता." पुढे कित्येक वर्षे मावशी त्याच्याकडे दिवाळीचा फराळ पाठवीत असे.

हा फोनवाला ज्या नव्या वर्गाचा होता, त्या वर्गाची कहाणी मला सविस्तर सांगितली पाहिजे, कारण स्वस्त बोलण्याच्या इतिहासात त्याच्याइतके उपकार कोणाचे नाहीत आणि त्याच्याइतका विसरही कोणाचा पडलेला नाही.

१९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या प्रेरणेने सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, आणि तिने धूळ, उकाडा आणि वीज जाणे या तिन्ही भारतीय गोष्टी गृहीत धरून १२८ जोडण्यांचे एक लहान ग्रामीण एक्स्चेंज तयार केले, ज्यास वातानुकूलित खोलीची गरज नव्हती; पहिले १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूर येथे बसले. विदेशी यंत्रे गारव्यात ठेवावी लागत. आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात जेथे माणसास गारवा मिळत नाही तेथे यंत्रास कोठून मिळावा? या स्वदेशी पेटीमुळे तालुके आणि मोठी गावे जोडली गेली. त्याच धोरणाचा दुसरा भाग असा, की घरोघरी फोन देणे शक्य नसेल तर नाक्यानाक्यावर द्यावा, आणि तो चालविण्यास सरकारी नोकर न नेमता कमिशनवर एखादा स्थानिक माणूस, शक्यतो अपंग किंवा गरजू, नेमावा. येणेप्रमाणे पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. ही नऊ इंग्रजी अक्षरे उगवली, आणि ज्यांना वर्णमाला ठाऊक नव्हती त्यांनाही ती ओळखता येऊ लागली.

नांदेडच्या वजिराबादेतील ज्या बूथवर मी महाविद्यालयीन वर्षांत बसत असे, त्याचा मालक पोलिओने एक पाय गेलेला, बोलका, हिशेबास कडवा असा गृहस्थ होता. दहा बाय आठचे दुकान. त्यात प्लायवूड आणि काच यांची उभी खोली, दार लावले की आतला पंखा बंद पडे. डोक्यावर लाल आकड्यांचे मीटर. बोलणाऱ्याची नजर त्या आकड्यांवर आणि तोंड रिसीव्हरवर, त्यामुळे बोलणे कसे तुटक, डोळ्यांच्या तालावर चाले. पल्स पडली की वाक्य मध्येच मोडे. फोन ठेवताच छोट्या यंत्रातून कागदाची पट्टी किरकिरत बाहेर येई, आणि मालक ती फाडून, चष्म्यावरून पाहून, आकडा मोठ्याने वाची. देशांतर्गत बोलण्यास रात्री दर उतरत उतरत अखेर चतुर्थांशावर येत, म्हणून पुण्या-मुंबईस मुले शिकावयास असलेली मंडळी जेवून, शतपावली करीत अकराच्या सुमारास येत आणि बाहेरच्या फळीवर ओळीने बसत. आखाती मंडळींचा हिशेब वेगळा. सौदीचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे. आपले अकरा म्हणजे तेथे साडेआठ, कामावरून येऊन, अंघोळ करून, खोलीतल्या आठ जणांचा भात शिजत घातल्याची वेळ. इकडून बोलावयाचे तर मिनिटास पन्नास-साठ रुपये मोडत; म्हणून घरचे लोक अर्ध्या मिनिटात 'आम्ही बूथवर आहोत, इकडे कर' एवढा निरोप देऊन फोन ठेवीत, आणि उलट येणाऱ्या कॉलसाठी मालकास बसण्याचे दोन रुपये देत. त्या मालकाच्या वहीत कोणाचा कॉल शुक्रवारी येतो, कोणाचा पगार झाल्यावर येतो, आणि कोणाचा गेल्या तीन महिन्यांत आलाच नाही, हे सारे होते. पण ती वही त्याने कोणास दाखविली नाही.

बाहेरून फोन करणाऱ्यास एक अडचण हमखास पडे. घरच्यांनी पत्रात नांदेडचा ०२४६२ आणि लातूरचा ०२३८२ असा पूर्ण कोड लिहून धाडलेला असे, आणि जेद्दात बसलेला भला माणूस ००९१ च्या पुढे ते शून्यही फिरवी. कॉल लागेना म्हणून तो घरच्यांवर रागावे, घरचे त्याच्यावर. आमच्या बूथवाल्याने शेवटी भिंतीवर खडूने लिहून ठेवले: 'परदेशातून करताना शून्य काढून टाकणे.' ते वाक्य लोक कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवून पत्रात घालीत.

गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावरील बूथांचा प्रवाह मात्र उलटा होता. सचखंड श्री हुजूर साहिबास येणारे यात्रेकरू पंजाबचे, पण त्यांची मुले साउथॉलला आणि व्हँकुव्हरला. तेथे पाट्या गुरुमुखीतही असत, आणि दर्शन घेऊन आलेली वृद्ध जोडपी नांदेडच्या काचेच्या खोलीतून कॅनडातील नातवंडास सांगत, की आम्ही पोहोचलो. परदेशस्थ कोण आणि घरचा कोण, याचा निवाडा त्या रस्त्यावर करणे कठीण होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले असता, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची भूमी हलली आणि दगडमातीच्या माळवदांखाली सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या दिवशीचे सविस्तर लिहिण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच सांगतो, की त्या आठवड्यात लातूरचा कोड जगभरातून फिरवला जात होता आणि बहुतेकांस एकसारखी पिंगपिंग ऐकू येत होती. हौशी बिनतारी संदेशकांनी, ज्यांस हॅम म्हणतात, आपली यंत्रे मांडून निरोप पोचवले. नाव, गाव, 'सुखरूप' किंवा ते नाही: त्या मध्यस्थांस इतकेच शब्द सांभाळावे लागले, आणि त्यांतला एकही बदलण्याची मुभा त्यांस नव्हती.

मोबाइल आला तो ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्याहून दिल्लीस, एका मुख्यमंत्र्याने एका केंद्रीय मंत्र्यास केलेल्या कॉलने. आमच्यापर्यंत येण्यास त्यास बरीच वर्षे लागली आणि आला तेव्हा तो श्रीमंतांचा दागिना होता. मिनिटास सोळा रुपयांपर्यंत दर, आणि कहर असा की येणाऱ्या कॉलचेही पैसे. गरिबाने दागिन्याचा उपयोग शोधून काढला तो न उचलता. मिस्ड कॉल हे या देशाने टेलिफोनशास्त्रास दिलेले देणे आहे असे मी समजतो: एकदा वाजला तर पोहोचलो, दोनदा वाजला तर पैसे मिळाले, तीनदा वाजला तर तू कर. दमडीही खर्च न होता सांगितलेला हा निरोप जगातील कोणत्याही कंपनीच्या दरपत्रकापेक्षा स्वस्त होता. १ मे २००३ पासून येणारा कॉल मोफत झाला, आणि माझ्या मते आखातातून घरी बोलण्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी तारीख हीच. कारण आता देगलूर नाक्यावरील आईच्या हाती फोन देऊन ठेवता येऊ लागला. खर्च सारा पलीकडच्याचा.

पलीकडच्याने तो भागविला कार्डांनी. रियाध-दुबईच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, गल्ल्यामागे टांगलेल्या रंगीत कार्डांतून एक घ्यावयाचे, नाण्याने त्यावरची राखाडी पट्टी खरवडावयाची, लांबलचक आकडे दाबावयाचे आणि मग एक यांत्रिक बाई उरलेली मिनिटे सांगे. ती मिनिटे क्वचितच खरी असत. जोडणीचा आकार, देखभालीचा आकार अशा नावांनी ती गळत, आणि कोणत्या कार्डाची मिनिटे कमी गळतात हे ज्ञान बराकीत विहिरीच्या पाण्यासारखे वाटून घेतले जाई. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेटवरून बोलण्यास कायद्याची संमती मिळाली होती. आमच्याकडच्या सायबर कॅफेत हेडफोन लावलेल्या सासवा अमेरिकेतील सुनांशी ओरडून बोलू लागल्या. त्यांस वाटे, समुद्र लांब आहे, आवाज चढवला पाहिजे.

आणि मग स्वस्ताईच्या या कथेत लातूरने एक असे पान लिहिले, की ज्याचा अभिमान धरता येत नाही आणि जे वगळताही येत नाही. परदेशातून आलेला कॉल भारतीय कंपनीच्या जाळ्यात उतरवून घेण्यासाठी पलीकडच्या कंपनीने मिनिटामागे काही पैसे मोजावयाचे असतात. २०१५ मध्ये नियामकाने हा आकार ५३ पैसे ठरविला, २०१८ च्या फेब्रुवारीत तो ३० वर आणला. आता कोणी तो कॉल इंटरनेटवरून गुपचूप एखाद्या खोलीत आणला, तेथे पंचवीस-तीस सिमकार्डे भरलेल्या पेटीत घातला आणि त्या पेटीतून साध्या स्थानिक कॉलच्या रूपाने पुढे सोडला, तर तो आकार चुकतो आणि मधले पैसे मधल्याच्या खिशात राहतात. जून २०१७ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने लातूर शहरात आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अशी चोरटी एक्स्चेंजे पकडली. ९६ सिमकार्डे आणि यंत्रे जप्त झाली, आणि शासनाचा महसूल कोट्यवधींनी बुडाल्याचे सांगण्यात आले. कॉल कोणी कोणास केला याचा माग राहात नाही, म्हणून प्रश्न राष्ट्राच्या सुरक्षेचाही होता, आणि त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु बातमी वाचून आमच्या वाड्यातील एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जे उद्गार काढले ते मी नोंदवून ठेवले आहेत. दम्मामला असलेल्या त्यांच्या मुलाचा कॉल येई तेव्हा पडद्यावर चक्क आपल्याकडचा दहा आकडी नंबर दिसे. "तरी म्हटलं," ते म्हणाले, "पोरगं लातुरातूनच बोलतंय आणि घरी काऊन येत नाही!"

आज हे सारे व्यवहार पडद्यावरील एका हिरव्या खुणेत जमा झाले आहेत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओने स्वस्त डेटाचे दार उघडले. त्याच्या पुढच्या वर्षी सौदी सरकारने इंटरनेट कॉलवरील बंदी सैल केली. अमिरातीत ती अजून आहे, आणि म्हणून दुबईचा मुलगा एका ॲपवरून, शारजाचा दुसऱ्या ॲपवरून, असा मुलांगणिक वेगळा कारभार आईस सांभाळावा लागतो. बूथ गेले. वजिराबादेतील त्या काचेच्या खोलीत आता मोबाइलच्या कव्हरांचे गठ्ठे आहेत. पिवळी पाटी कोणी काढली नाही, तिच्यावरचा 'आय' तेवढा उन्हाने पुसला आहे.

गेल्या रमजानात त्या शिंप्याच्या घरी गेलो होतो. चाची आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि थोरला पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतरही जेद्दातच. सात वर्षांचा पणतू फोन धरून होता, आणि त्याने तो असा धरला होता की पलीकडच्या साठ वर्षांच्या मुलास आईचे फक्त कपाळ आणि छताचा पंखा दिसत होता. "नीट धर बे," असे तिकडून तीनदा ऐकू आले. चाचींना ऐकू कमी येते; म्हणून पलीकडून आलेले प्रत्येक वाक्य तो पणतू त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगे, आणि सांगताना थोडे बदले. थोरल्याने विचारले होते, गुडघ्याचे औषध घेतेस की नाही. पणतूने सांगितले, बडे अब्बा पूछ रहे, मेरेकू सायकल कब लेनेकी.

चाचींनी विचार केला आणि पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "ईदके बाद."